धुक्यातले ओव्हाळसाहेब

ओव्हाळसाहेबांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. विषय निघाला की त्यांचे दोन-चार किस्से सांगतो, लोक हसतात, आणि नेमक्या जागी मी थांबतो. किस्से सांगण्यात मी वाकबगार आहे, आणि थांबण्यात त्याहून जास्त. पण आता ऐकणारेच एकेक करून कमी होत चाललेत. तेव्हा एकदा शेवटपर्यंत सांगून टाकतो.

सुरुवात मात्र किस्स्यानेच करतो. सवय जात नाही.

ओव्हाळसाहेब गाडी चालवताना बोलायचे. गप्पा नव्हे, आणि फोनवर तर मुळीच नव्हे. समोर जे दिसेल ते मोठ्याने सांगायचे. "उजवीकडून दुधाची गाडी. डावीकडे दोन म्हशी, एक उभी, एक विचारात. पुढे खड्डा, खड्ड्यात पाणी. किती खोल ते माहीत नाही, म्हणून थांबतो." आणि खरोखर थांबायचे. मळवलीहून लोणावळ्याला मी पहिल्यांदा त्यांच्या मागच्या सीटवर बसून गेलो, तेव्हा मला वाटलं, या गृहस्थांना आकाशवाणीने कधीतरी नोकरी नाकारली असावी. कार्ल्याच्या फाट्यापाशी आम्हाला एका सायकलवाल्याने ओव्हरटेक केलं. त्याच्या कॅरिअरला बोकड बांधलेला होता. ओव्हाळसाहेबांनी बोकडाचा रंगही सांगितला.

मूळचे इंदुरीचे. तळेगावच्या एका कारखान्यात सगळी नोकरी क्वालिटी विभागात काढली. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम भिंगातून बघायचं आणि परत पाठवायचं. निवृत्तीनंतर भिंग गेलं, नजर राहिली. भाजीवाल्याची वांगी "रिजेक्ट". टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज "रिजेक्ट". मी हौसेने बांधलेल्या कुंपणाच्या भिंतीसमोर ते एकदा मान तिरकी करून उभे राहिले आणि म्हणाले, "शिंदे, भिंत ओळंब्यात नाही हो. रिजेक्ट." मी टेलिफोन खात्यात आयुष्यभर लोकांचं ऐकून घेतलेला माणूस, पण हे मी ऐकून घेतलं नाही, मनात ठेवलं. आमच्या वसाहतीत सगळे निवृत्त. राग धरायला सगळ्यांकडे भरपूर वेळ.

दर पौर्णिमेला ते आणि सुमनवहिनी विहारात जायचे, गाडीनेच, आणि वंदना निम्मी झाल्यावर पोहोचायचे. कुणी काही बोललं की म्हणायचे, "उशिरा आलो, पण आलो."

आता आमच्याकडच्या धुक्याबद्दल. पावसाळ्यात इथे ढग वर राहत नाहीत, रस्त्यावर येऊन बसतात. पुण्या-मुंबईहून माणसं गाड्या काढून हे धुकं बघायला येतात आणि आल्यावर काहीच दिसत नाही म्हणून तक्रार करतात. दिसावं म्हणून मग ती हेडलाइटचा अप्पर लावतात. चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवून ऐंशीने पळतात. गाडीच्या छपरातून एखादी मुलगी कमरेपर्यंत बाहेर येते. बहुधा गच्चीवरून जास्त दिसत असावं. आणि फोटोसाठी थांबायचं तर ते अगदी वळणावर, कारण धुकं तिथेच छान येतं.

हे सगळे लोक ओव्हाळसाहेबांचे विद्यार्थी होते. त्यांना माहीत नव्हतं, एवढंच.

"अप्पर मारला की धुकं पांढऱ्या भिंतीसारखं अंगावर येतं. दिवा खाली ठेवा आणि वेग त्याच्याही खाली." हे ते पेट्रोल पंपावर अनोळखी माणसाच्या काचेवर टकटक करून सांगायचे. "चारी इंडिकेटर लावून पळताय, मग वळणार कुठे ते मागच्याला काय स्वप्नात कळणार?" भर पावसात स्वतःच्या गाडीच्या काचा खाली करायचे. "डोळे काम करत नसतील तर कानांना ड्यूटीवर घ्यायचं." त्यामुळे त्यांच्या गाडीतून उतरणारा माणूस सुखरूप असायचा, पण पिळून वाळत घालावा लागायचा. आणि सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे, "पुढच्याचा लाल दिवा धरून जाऊ नका. तो त्याच्या घरी चाललाय, तुमच्या नाही."

हे वाक्य त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं. एका रविवारी दुपारी असं धुकं होतं की स्वतःचा हात ओळखायला अंगठी लागावी. ओव्हाळसाहेब लोणावळ्याहून बैलगाडीच्या चालीने येत होते. मागे एक गाडी लागली. तिच्यामागे दुसरी. सगळ्यांना वाटलं, पुढचा इतका सावकाश आणि ठाम चाललाय, म्हणजे याला रस्ता माहीत आहे. रस्ता त्यांना माहीतच होता. त्यांनी इंडिकेटर दिला, फाट्यावर वळले, वसाहतीत शिरले, फाटकातून आत आले आणि पेरूच्या झाडाखाली थांबले. मागोमाग पाच गाड्या त्यांच्या अंगणात येऊन एकमेकींना टेकल्या. पहिल्या गाडीतून अर्ध्या चड्डीतला एक तरुण उतरला.

"अंकल, टायगर पॉइंट यही है क्या?"

"नाही. हे पेरूचं झाड आहे. त्याला धरून उभे राहा आणि आधी अप्पर बंद करा."

सगळ्यांना ओसरीवर बसवून त्यांनी धुक्यात गाडी कशी चालवावी यावर व्याख्यान दिलं. सुमनवहिनी मधूनमधून आतून चहा आणत होत्या, भिंतीला एक हात लावत, अगदी सावकाश. मला वाटलं, नवऱ्याची चाल बायकोला लागली. ही माझी विनोदबुद्धी. वहिनींची नजर अधू आहे हे वसाहतीत सगळ्यांना ढोबळ माहीत होतं. किती अधू, हे कुणी विचारलं नव्हतं.

आता वळणाकडे येतो. मुद्दाम सावकाश येतोय.

मुख्य रस्त्यावरून वसाहतीकडे येताना एक वळण आहे. डाव्या हाताला रस्त्याची कड, मग थोडी मुरमाची पट्टी आणि तिच्याखाली बबनआबांचं भातखाचर. या कडेला ओव्हाळसाहेबांनी कोहळ्याएवढाले दगड ओळीने ठेवले होते. दर वर्षी पावसाच्या तोंडावर गुडघ्यावर बसून ते दगडांना चुना लावायचे. ग्रामपंचायतीने सांगितलं नव्हतं, कुणी आभार मानले नव्हते. मी जाता-येता विचारायचो, "काय साहेब, दगडांचं लग्न ठरलं का?" ते म्हणायचे, "शिंदे, धुक्यात रस्ता दिसत नाही, पांढरा दगड दिसतो. डावं चाक दगडापासून हातभर ठेवायचं, की झालं. घरी पोहोचलात."

त्या वर्षी श्रावणात माझ्या नातवाचं बारसं होतं. पुण्याहून पाहुणे येणार होते. व्याही येणार होते, आणि व्याह्यांची गाडी म्हणजे चाकं लावलेला दिवाणखाना. वसाहतीत एवढ्या गाड्या लावायला जागा कुठली? जागा होती ती वळणावरच्या मुरमाच्या पट्टीवर, पण मध्ये ते दगड. ओव्हाळसाहेब आणि वहिनी नाशिकला लेकीकडे गेले होते. मांडववाल्याच्या दोन माणसांना मी सांगितलं, दगड पार बाहेरच्या कडेला सरकवा, आणि नीट ओळीत ठेवा, दिसायला बरं दिसतं. त्यांनी खाचराच्या अगदी काठावर सुंदर ओळ लावली. रस्त्याच्या कडेलाही नव्हती इतकी सरळ.

बारसं झालं. पाहुणे गेले. दगड दुसऱ्या दिवशी परत ठेवायचे होते. दुसऱ्या दिवशी माझी पाठ धरली. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. पुढे मी कारणंही शोधायचं सोडलं. दगड हललेत हे वसाहतीत दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुरूम भिजून शिऱ्यासारखा झाला होता.

आणि ओव्हाळसाहेब आले. नाशिकपासून, सगळ्या पावसातून, प्रत्येक म्हैस मोजत ते सुखरूप आले आणि स्वतःच्या वळणावर, स्वतःच्या दगडांपासून हातभर अंतर ठेवून, भातखाचरात गेले.

आवाज ऐकून आम्ही धावलो. दुपार होती, धुकं तर असं की गाडी आधी ऐकू आली आणि मग दिसली. ती नाकावर बसली होती, मागची चाकं वर. ओव्हाळसाहेब गुडघाभर चिखलात उभे राहून वहिनींना हाताला धरून काढत होते. वहिनींच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं.

बबनआबा बांधावरून आले. "आवो सायेब, माजी लावणी कवाच उरकली की! आता गाडी कशापायी रोवताय हितं?" माणसं हसली. आबांचा आवाज लगेच बदलला. "लय लागलं न्हाई न्हवं, मावशी? बसा हितं दगडावर. म्या ट्रॅक्टर आनतो."

आबांनी विनोद केला आणि ट्रॅक्टर आणायला गेले. मी फक्त विनोद केला. म्हणालो, "काय साहेब, शेत पास की रिजेक्ट?" वसाहत खदखदून हसली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी विनोद तो. पुढे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर लोक मला तो पुन्हा सांगायला लावत, आणि मी सांगे.

ओव्हाळसाहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "शिंदे, मी दगडाला धरून आलो हो. अगदी दगडाला धरून."

रिक्षा करून ते वहिनींना लोणावळ्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. ट्रॅक्टरने गाडी बाहेर निघाली, माणसं पांगली. आणि मी, पाठ धरलेला माणूस, छत्री न घेता वळणावर गेलो. एकेक दगड गडगडत रस्त्याच्या कडेला आणला, जुन्या खळग्यात बसवला. पावसाने बाकीचं काम केलं, चाकांच्या खुणा धुतल्या. सगळे दगड परत बसेपर्यंत पाठ एकदाही दुखली नाही. गरजेला असं शरीर साथ देतं.

सकाळी मी खिडकीतून पाहिलं. ओव्हाळसाहेब छत्री घेऊन वळणावर उभे होते. पावलाने अंतर मोजत होते. वाकून प्रत्येक दगडाला हात लावत होते. आयुष्यभर चूक शोधून काढलेला माणूस चूक शोधत होता. दोन दगडांमधून एक गाडी सहज जाईल एवढी जागा होती. त्या फटीत ते बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या दाराशी आले.

"दगड जागेवर आहेत, शिंदे."

"असणारच," मी म्हणालो. "दगड कुठे जाणार?"

"म्हणजे मला दिसले नाहीत. दोघांच्या मधून गेलो आणि मला वाटत होतं, मी बाजूने चाललोय." छत्री मिटत म्हणाले, "डोळे गेले हो माझे."

हे बोलताना त्यांचा चेहरा कसा होता ते मी पाहिलं नाही. मी पायपुसणं सरळ करत होतो.

त्या दिवसापासून ते गाडीला शिवले नाहीत. दुरुस्त होऊन आली, पेरूखाली उभी राहिली, वर पानं पडू लागली. तळेगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तर नेणार कोण? मी म्हणालो, मी नेतो. वसाहतीत माझं फार कौतुक झालं. शेजारी असावा तर शिंद्यांसारखा.

ओव्हाळसाहेब मागे वहिनींच्या शेजारी बसले. वडगावच्या अलीकडे धुकं आणि पाऊस एकदम आले. मला बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. जीव मुठीत धरून चाललो होतो. आणि मागून आवाज येऊ लागला.

"सुमन, डावीकडे खाचरं आहेत. चांगली हिरवी. बगळे बसलेत पाच-सहा. लांब डोंगरावर धबधबा सुटलाय, बारीक, दोरीसारखा. आता एक शाळा. पोरं पत्र्याखाली उभी आहेत, दप्तरं डोक्यावर."

मी डावीकडे पाहिलं. पांढरं. उजवीकडे पाहिलं. पांढरं.

"कुठे हो बगळे?" मी विचारलं.

आरशात ओव्हाळसाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. जागेवर नसलेला बगळा ज्या माणसाने जन्मात पास केला नसता, तो आरशातून मला गप्प राहायची विनवणी करत होता. मी गप्प राहिलो. मला जमतं ते.

दवाखान्यात ते आत गेले आणि बाहेर बाकावर वहिनी आणि मी.

"भाऊ, बाहेर धुकं होतं ना मघाशी?" त्यांनी विचारलं.

"होतं थोडं."

"मला कळतं. धुक्यात आवाज जवळून येतात." त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "आता मला उजेड-अंधार तेवढा कळतो. पाच-सहा वर्षं झाली. हे गाडी चालवताना सगळं सांगायचे, त्यात माझं फिरणं व्हायचं. लोक हसायचे, मला माहीत आहे. पण सांगायचे ते खरं असायचं हो. म्हैस म्हटलं की म्हैस असायची, वासही यायचा. आता मागे बसतात आणि मनाचं सांगतात. धबधबे, बगळे. मला वाईट वाटू नये म्हणून." त्या जरा हसल्या. "मीही विचारत नाही. पण भाऊ, ते स्टिअरिंगवर असायचे तेव्हा मला दिसायचं. आता नाही दिसत."

मी म्हणालो, "हं."

ओव्हाळसाहेब बाहेर आले ते चिडूनच. "डॉक्टर म्हणतात, डोळे उत्तम आहेत. वयाच्या मानाने फारच उत्तम. मग दगड का दिसले नाहीत, तर म्हणे, कधी कधी होतं असं." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "यांचं मशीनच रिजेक्ट आहे."

याच्याहून चांगली संधी माणसाला मिळत नाही. डॉक्टरांनी निकाल दिला होता, फक्त कारण सांगायचं होतं. ते त्या दवाखान्यात एकट्या मला माहीत होतं. मी सांगितलं असतं, तर ओव्हाळसाहेब त्याच दिवशी स्टिअरिंगवर बसले असते, आणि घरापर्यंत वहिनींना खऱ्या म्हशी दिसल्या असत्या.

परत येताना मी धीर केला. कामशेत मागे पडल्यावर तोंड उघडलं.

"ओव्हाळसाहेब, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवशी..."

"गाडी चालवताना बोलू नये, शिंदे."

"तुम्ही तर सतत बोलायचात!"

"मी रस्त्याबद्दल बोलायचो. तुमचा आवाज रस्त्याचा नाही. घरी पोहोचल्यावर सांगा."

घरी पोहोचलो. पाऊस कोसळत होता. त्यांनी वहिनींना आधी ओसरीवर नेलं, मग छत्री घेऊन मुद्दाम माझ्या खिडकीशी परत आले. वाकून म्हणाले, "हं, बोला. काय सांगत होतात?"

मी त्यांच्याकडे बघितलं. छत्रीतून पाणी त्यांच्या मानेवर गळत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटतेय जरा."

आणि तो माणूस त्या पावसात माझ्या गाडीभोवती फिरला. छत्री मानेत धरून, वाकून, चारही टायर हाताने दाबून पाहिले. परत खिडकीशी आला. बाही कोपरापर्यंत चिखलाने भरली होती.

"चारही ठीक आहेत. काळजी करू नका," म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर भरवसा नसेल तर पंपावर दाखवून घ्या."

दिवाळीच्या आत त्यांनी गाडी विकली. वर्षभराने घरही बंद करून ते दोघं नाशिकला लेकीकडे राहायला गेले. त्यांना न्यायला जावई आला होता. निघताना मी त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. लोकांना वाटलं, केवढा जिव्हाळा. पुढे मी नाशिकला अनेकदा फोन लावला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, हा एक जोडला की मी पावसापाण्याचं विचारायचो. ते म्हणायचे, इथे धुकं नसतं, शिंदे, करमत नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मी भेटायला गेलो, वहिनींसमोर बसलो, चहा घेतला आणि परत आलो.

जे सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. टायरच्या हवेपेक्षा दोन-तीन वाक्यं जास्त लागली असती. ओव्हाळसाहेब, तुमचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. तुम्ही दगडापासून बरोबर हातभरच होता. दगड मी हलवले होते, आणि त्याच संध्याकाळी मीच ते परत जागेवर ठेवले. मला माफ करा.